होडीच्या कापडकामासाठी मशीन, सुई आणि दोरा

आगोटीची तयारी सुरू झाली की किनाऱ्यावरच्या वाचकांचे प्रश्न वाढतात. पर्यटकांच्या होडीचे छत घरीच शिवायचे आहे, घरातली मशीन चालेल का? क्लबातल्या मुलांची शिडे दर मोसमात उसवतात, दुरुस्तीसाठी कोणती मशीन घ्यावी? अमेरिकेत खास शिडांसाठी मशीन मिळते म्हणतात, मागवू का? दुकानदार म्हणतो 'इंडस्ट्रियल' घ्या, काहीही शिवते, हे खरे का?

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येकजण मशीनपासून सुरुवात करतो. तुम्ही कापडापासून करा. मग दोरा ठरवा, मग सुई, आणि सगळ्यांत शेवटी मशीन. या क्रमाने गेलात तर बहुधा तुमच्या लक्षात येईल की मशीन वाटली त्यापेक्षा साधी चालते. दोऱ्यावर मात्र ठरवले त्यापेक्षा जास्त पैसे घालावे लागतात.

आधी कापड ओळखा

- विणलेली प्लास्टिकची ताडपत्री (निळी-पिवळी, हलकी, एचडीपीईची): ही शिवू नका. सुईच्या भोकांच्या रांगेवरच ती फाटते. काठ दुमडून आत दोरी घाला, आयलेट ठोका, आणि दोन-तीन पावसाळ्यांचा माल समजून वापरा.
- पीव्हीसीचा लेप दिलेली ताडपत्री (ट्रकवर असते ती): शिवता येते, पण प्रत्येक भोकातून पाणी झिरपते. पावसाळी झाकणासाठी ही हवी असेल तर शिवण्याऐवजी गरम हवेच्या गनने सांधून देणारा कारागीर शोधा. काम पक्के होते आणि तुमचा मशीनचा खर्च वाचतो.
- सुती कॅनव्हास: शिवायला सर्वांत सोपा. ओला झाला की सूत फुगते आणि भोके बरीचशी मिटतात. पण ओला गुंडाळून ठेवला की बुरशी धरतो. कोकणातल्या जुलै-ऑगस्टमध्ये तो टिकवणे हे स्वतंत्र काम आहे.
- ॲक्रिलिक कॅनव्हास (सनब्रेला जातीचा, चौरस मीटरला सुमारे ३१० ग्रॅम): रंग धाग्यातच मुरवलेला असल्याने उन्हात चांगला टिकतो. यॉटवरची छते आणि शिडाची आवरणे बहुधा याचीच असतात. महाग आहे.
- डेक्रॉन, म्हणजे शिडाचे पॉलिस्टर कापड: घट्ट विणीचे, कडक, कागदासारखे वाजणारे.
- पातळ नायलॉन: फुग्यासारख्या शिडांचे, म्हणजे स्पिनेकरचे कापड. मशीन हलकी चालते, पण कापड सुळसुळीत असल्याने हाताखाली थांबत नाही.
- पारदर्शक पीव्हीसी: केबिनच्या खिडक्यांसाठी. फूटखाली चिकटते, म्हणून टेफ्लॉनचा फूट लावा किंवा वर पातळ कागद ठेवून टीप मारा आणि मग कागद फाडून काढा.

आता एका कागदावर लिहा: कोणते कापड, जास्तीत जास्त किती पदर एका जागी येतात, आणि वर्षाला किती मीटर शिवण होईल. कोपऱ्यावर दुमड, पट्टी आणि मजबुतीचा तुकडा एकत्र आला की दोन पदरांचे सहा ते आठ पदर कधी होतात कळतही नाही. मशीन त्या कोपऱ्यासाठी निवडायची असते, मधल्या सरळ शिवणीसाठी नाही.

दात एकटे पुरत नाहीत तेव्हा

साध्या मशीनमध्ये कापड पुढे नेण्याचे काम फक्त खालचे दात करतात. वरचा फूट नुसता दाबून धरतो. त्यामुळे खालचा पदर पुढे जातो आणि वरचा मागे रेंगाळतो. सदऱ्यात हे जाणवत नाही. तीन मीटरच्या छतावर मात्र शिवणीच्या शेवटी दोन काठ जुळत नाहीत आणि कापडाला चुण्या पडतात.

यावर उपाय दोन. एक म्हणजे पदर आधी दुहेरी चिकटपट्टीने एकमेकांना पक्के करून मग टीप मारणे. शिडे शिवणारे हेच करतात. दुसरा उपाय म्हणजे चालत्या फूटची मशीन. तिच्यात वरचा फूटही कापड पुढे ढकलतो. यातल्या पूर्ण जातीला बाजारात 'कंपाऊंड फीड' म्हणतात. तिच्यात दात, सुई आणि फूट तिन्ही एकत्र पुढे सरकतात, त्यामुळे पदर एकमेकांवरून घसरत नाहीत.

मशीनचे पर्याय

घरची हलकी झिगझॅग मशीन. प्लास्टिकच्या कवचाची, छोट्या मोटरची. डेक्रॉनच्या दोन-तीन पदरांवर किंवा स्पिनेकरवर ती व्यवस्थित चालते. मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीचे शीड साडेतीन चौरस मीटरच्या आसपास असते. त्याची उसवलेली शिवण घालायला हिच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. मात्र आठ पदरी कोपरा तिच्याकडून रेटून शिवून घेऊ नका. सुई वाकते, शटलची वेळ बिघडते, आणि दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीच्या जवळ जातो. कोपरे हाताने शिवा. त्याबद्दल पुढे सांगतो.

काळी लोखंडी पायमशीन. आजीच्या काळातली, माळ्यावर पडलेली. हिला कमी लेखू नका. जड चाकामुळे सुई हळू आणि जोराने कापडात शिरते, वीज लागत नाही, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. सुती कॅनव्हासचे चार पदर ती घेते. फक्त सरळ टीप येते, हीच तिची मर्यादा.

छत्री मशीन. बाजारात 'अंब्रेला' नावाने मागा. काळ्या मशीनचीच जड बहीण. पिशव्या आणि रेक्झिनच्या कामात ती दिसते. महाराष्ट्रातल्या किनाऱ्यावर छते, आवरणे आणि गाद्यांचे अभ्रे शिवू पाहणाऱ्या दहांपैकी बहुतेकांना मी हीच सुचवीन. कापड फक्त दातांनी चालते, पण चिकटपट्टी वापरली तर काम सुबक होते. घेण्याआधी गावातल्या रिक्षाचे हूड किंवा गाड्यांची सीट कव्हर शिवणाऱ्याकडे अर्धा दिवस बसा. जड कापड शिवण्याच्या निम्म्या युक्त्या त्या दुकानात फुकट शिकायला मिळतील.

कपड्यांच्या कारखान्यातली वेगवान मशीन. गैरसमज सर्वांत जास्त इथे आहे. ज्यूकी डीडीएल-८७०० किंवा तिच्यासारख्या मशीन जुन्या बाजारात मुबलक मिळतात आणि 'इंडस्ट्रियल' म्हणून खपवल्या जातात. त्या औद्योगिक आहेतच, पण शर्टांच्या उद्योगाच्या. मिनिटाला ५,५०० टाक्यांपर्यंत वेग, बारीक सुई, बारीक दोरा. जाड दोरा घातला की टाके चुकतात. याच मशीनचा जड कापडासाठीचा प्रकारही असतो. तो बरा, तरी दातांची अडचण त्यालाही आहेच. स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

कंपाऊंड फीड मशीन. ज्यूकी डीएनयू-१५४१ हे या जातीतले प्रसिद्ध नाव. याच धर्तीच्या चिनी मशीन पुष्कळ कमी किमतीत मिळतात. टाका ९ मिलिमीटरपर्यंत लांब घेता येतो, बॉबिन मोठी असते, जाड दोरा सहज चालतो. छते आणि आवरणे शिवून पोट भरायचे असेल तर हीच मशीन, दुसरा विचार नको. दोन गोष्टी आधी समजून घ्या. हिच्यात झिगझॅग नाही, आणि टेबल-मोटरसह हिचे वजन इतके होते की घेतली की एका जागीच राहते.

शिडांसाठीची, उचलून नेता येणारी मशीन. अमेरिकेतल्या सेलराइट कंपनीची अल्ट्राफीड एलएसझेड-१ ही ती बहुचर्चित मशीन. चालता फूट, सरळ आणि ५ मिलिमीटरपर्यंत रुंद झिगझॅग, आणि पेटीत घालून धक्क्यावर नेता येते. मशीन उत्तम आहे, पण मागवण्याआधी चार प्रश्न विचारा. विजेचा २२०-२४० व्होल्टचाच प्रकार पाठवणार का? भाडे, सीमाशुल्क आणि कर धरून घरपोच किंमत किती? सुटा भाग लागला तर किती आठवड्यांत? बिघडली तर भारतात कोण उघडणार? चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल आणि तुमचे काम मुख्यतः छतांचे असेल, तर तेवढ्या पैशांत इथली कंपाऊंड फीड घ्या.

झिगझॅग खरोखर हवे का?

छत, आवरण, गादी, पिशवी यांसाठी नको. सरळ टीपच हवी, शक्यतो दुहेरी.

शिडांसाठी हवे. वाऱ्याने शीड ताणले जाते तेव्हा शिवणही थोडी ताणली पाहिजे. सरळ टाक्यात ताणायला दोरा शिल्लक नसतो, तिरक्यात असतो. शिवाय डेक्रॉनची वीण इतकी घट्ट की टाका कापडात रुतत नाही, वरच राहतो आणि घासून तुटतो. म्हणून शिडाच्या सांध्यावर झिगझॅगच्या दोन रांगा घालतात, मोठ्या शिडांवर तीन.

पण याचा अर्थ झिगझॅग नसेल तर शीड हातात घेऊच नये असा नाही. हातभर उसवलेला सांधा चिकटपट्टीने जुळवून सरळ टाक्याच्या दोन रांगांनी शिवलात तर मोसम निघून जातो. झिगझॅगसाठी वेगळी मशीन घेण्याचा विचार वर्षाला डझनभर शिडे हातातून जाऊ लागली की करा.

शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. इल्का वर्गाच्या होड्यांना फक्त मान्यताप्राप्त उत्पादकाचेच शीड चालते. तुम्ही कितीही सुरेख शिवलेत तरी ते सरावापुरतेच. दुरुस्ती चालते, पण काप बदलणे चालत नाही. इतर वर्गांचेही नियम असतात, ते आधी वाचा.

दोऱ्यावर हात आखडू नका

होडीवर कापडाच्या आधी शिवण जाते, आणि ती ताणाने नव्हे तर उन्हाने जाते. कापड रुंद असते, त्याच्या वरच्या धाग्यांनी ऊन खाल्ले तरी खालचे शाबूत राहतात. दोरा एकटाच उघड्यावर असतो. म्हणून:

- सुती दोरा नको. कुजतो.
- साधा शिवणकामाचा दोरा नको. मजबूत वाटला तरी उन्हाळाभरात हाताने तुटू लागतो.
- बाँडेड नायलॉन गाद्यांच्या आतल्या शिवणीला ठीक. धारावीत चामड्याच्या सामानाच्या दुकानांत सहसा हाच पुढे केला जातो, कारण चपला-बॅगांसाठी तो उत्तम आहे. उन्हात मात्र तो पॉलिस्टरच्या आधी हार मानतो.
- बाँडेड पॉलिस्टर, उन्हाला टिकेल अशी प्रक्रिया केलेले: हेच घ्या. पुडक्यावर 'पॉलिस्टर' छापलेले स्वतः वाचा, दुकानदाराच्या 'तेच आहे' वर जाऊ नका.
- पीटीएफईचा दोरा (टेनारा हे त्यातले नाव): ऊन-खाऱ्याने जवळजवळ बिघडतच नाही. किंमत कित्येक पट. ज्या छतावर पुन्हा शिवण घालायला सगळे उतरवावे लागते, तिथे परवडतो. गुळगुळीत असल्याने ताण सैल ठेवावा लागतो आणि टोकाला उलट टाके जास्त घालावे लागतात.

जाडीच्या आकड्यांतही गोंधळ होतो. आपल्याकडे दोरा 'तिकीट' नंबराने मिळतो आणि तो उलटा चालतो. नंबर मोठा तितका दोरा बारीक. परदेशी माहितीत टेक्स असतो, तो सरळ. कपड्यांचा नेहमीचा दोरा तिकीट १२०. आपल्याला लागणारे तीन:

- तिकीट ४० (टेक्स ७०), सुई १६ नंबर: हलकी शिडे, घरची मशीन.
- तिकीट ३० (टेक्स ९०), सुई १८ नंबर: कॅनव्हासचे बहुतेक सगळे काम.
- तिकीट २० (टेक्स १३५), सुई २० ते २२ नंबर: पट्टे, कोपरे, जड ताडपत्री. घरच्या मशीनवर याचा हट्ट धरू नका.

बॉबिनमध्येही तोच दोरा भरा. वर जाड, खाली बारीक केले की खालचा आधी जातो आणि वरून काही कळत नाही. रंगाबद्दल बोलायचे तर गडद दोरा पांढऱ्यापेक्षा उन्हात जास्त टिकतो. शिडावर वेगळ्या रंगाचा दोरा घातलात तर तुटलेला टाका लांबूनही दिसतो. देखणेपणापेक्षा मी हे पसंत करतो.

टाक्याची लांबी कॅनव्हासला ४ ते ५ मिलिमीटर ठेवा, म्हणजे इंचाला पाच-सहा टाके. बारीक टाका जास्त मजबूत हा शर्टाचा नियम इथे उलटतो. फार जवळजवळ भोके पडली की कापड एसटीच्या तिकिटासारखे रांगेवर फाटते.

सुई: नंबर पुरेसा नाही

सुईचे तीन गुण पाहावे लागतात: सिस्टीम, टोक आणि नंबर. सिस्टीम म्हणजे दांड्याची जाडी आणि लांबी. ती मशीनप्रमाणे ठरते. डीडीएल-८७०० ला डीबी×१, कंपाऊंड फीडला १३५×१७. चुकीची बसवली तर सुई शटलपर्यंत पोहोचत नाही किंवा त्यावर आदळते.

टोकाची चूक जास्त महागात पडते. १३५×१६ आणि १३५×१७ या दिसायला जुळ्या आहेत, पण पहिलीचे टोक चामडे कापण्यासाठी धारदार असते. कापडात ती धाग्यांच्या मधून न जाता धागे कापत जाते. चामड्याच्या दुकानातून सुया घेताना १३५×१७ गोल टोकाचीच मागा.

सुया डझनाने घ्या आणि बदलायला कंजुषी करू नका. टाका चुकू लागला की आधी सुई बदला, मग ताण तपासा, मेकॅनिकला सगळ्यांत शेवटी बोलवा.

मोटर

जुन्या औद्योगिक मशीनबरोबर बहुधा क्लच मोटर येते. ती बटण दाबल्यापासून मिनिटाला जवळजवळ २,८०० फेऱ्यांनी फिरत राहते आणि पायडल दाबले की पट्ट्याला जोडली जाते. नवख्याच्या पायाखाली मशीन एकदम सुसाट सुटते. सर्वो मोटर फक्त पायडल दाबल्यावर चालते, वेगाची मर्यादा ठरवता येते, वीज कमी खाते, आवाजही नाही. मशीन जुनी घ्या, पण मोटर सर्वो लावून घ्या. मोटरची पुली छोटी बसवली की वेग आणखी उतरतो आणि सुईचा जोर वाढतो.

पैसे देण्याआधी दुकानात करायची चाचणी

तुमचेच कापड, तुमचाच दोरा घेऊन जा. दुकानातल्या मऊ सुती तुकड्यावर प्रत्येक मशीन छान चालते.

१. कापडाचे आठ पदर करा आणि मोटर बंद ठेवून चाक हाताने फिरवा. सुई आरपार जाऊन वर यायला हवी. चाक अडले तर मशीन तुमच्या कामाची नाही.
२. एक मीटर लांबीच्या दोन समान पट्ट्या एकावर एक ठेवून, न ओढता, न चिकटवता शिवा. शेवटी वरची पट्टी सेंटीमीटरभर पुढे उरली तर पदर घसरतात हे समजा. छत्री मशीनमध्ये हे थोडे होणारच, कंपाऊंड फीडमध्ये होता कामा नये.
३. दोन पदरांवरून आठवर चढा आणि परत उतरा. चढावर टाके आखूड होतात का, उतारावर चुकतात का, पाहा.
४. शिवण उलटी करून पाहा. खाली दोऱ्याची वेटोळी दिसली तर ताण जुळवून द्यायला सांगा. जुळत नसेल तर घेऊ नका.
५. उलटा टाका त्याच भोकांच्या रांगेत पडतो का बघा.
६. सुई आणि मशीनच्या खांबामधली जागा मोजा. घरच्या मशीनला ती १६-१७ सेंटीमीटर असते, मोठ्यांना २५ च्या आसपास. शीड किंवा छत गुंडाळून याच फटीतून जाते. घरून चादर-सतरंजीची जाड गुंडाळी नेऊन घालून पाहिलीत तरी अंदाज येतो.

जुनी मशीन असेल तर शटलच्या टोकाला नखाने चाचपा. टोक बोथट किंवा खरवडलेले असेल तर दोरा तुटत राहील. खाली बघून गंजही पाहा. नवा रंग दिलेली जुनी मशीन मी दोनदा तपासतो.

मुंबईत मशीन आणि सुट्या भागांसाठी नागदेवी स्ट्रीट, दोरा-सुयांसाठी धारावी, जहाजावरून उतरलेल्या दोऱ्या-सामानासाठी दारूखाना ही फिरण्याची ठिकाणे. काळ्या मशीन आणि त्यांचे भाग मोठ्या प्रमाणावर लुधियानात बनतात, त्यामुळे छत्री मशीनचा भाग मिळाला नाही असे सहसा होत नाही.

हाताची हत्यारे

मशीन आली तरी कोपऱ्यातली कडी, पट्टा आणि चामड्याची मजबुती हातानेच शिवावी लागते. म्हणून ही खरेदी पुढे ढकलू नका.

- पाम: तळहातावर बसणारा चामड्याचा पट्टा, त्यात सुई ढकलायला धातूची खळगी. डावखुऱ्यांसाठी वेगळा असतो.
- शिडाच्या सुया: त्रिकोणी टोकाच्या. इथेही नंबर उलटा, १४ जाड आणि १७ बारीक. १४ आणि १६ ने बहुतेक काम भागते.
- मेणाचा खडा आणि जाड पॉलिस्टर दोरा.
- आरी, चांभाराकडची चालते.
- दुहेरी चिकटपट्टी, ६ आणि १२ मिलिमीटर रुंदीची. शीडकामात हिला मशीनइतकेच महत्त्व आहे.
- चिमटे: टाचण्या वापरू नका. प्रत्येक टाचणीचे भोक पाणी आत घेते.
- गरम सुरी: नसेल तर चपट्या टोकाचे सोल्डरिंग आयर्न. पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिकचे काठ वितळून बंद होतात. पीव्हीसीवर ती कधीही लावू नका, धूर विषारी असतो. बाकी कापडही उघड्यावर कापा.
- आयलेटचा ठसा आणि पंच: आयलेट ज्या दुकानातून तिथूनच, त्याच मापाचा घ्या. दातेरी कड्यांचे आयलेट साध्यापेक्षा कापडाला घट्ट धरतात.

आयलेट पितळेचे घ्या. ॲल्युमिनियमचे स्वस्त असते, पण खाऱ्या पाण्यात, त्यातही स्टीलला लागून असले की, पांढरी भुकटी होऊन झडते. स्टीलचे बटण-स्क्रू ३१६ दर्जाचे हवेत. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, पण त्याने फक्त साधे लोखंड पकडले जाते. ३०४ आणि ३१६ मधला फरक चुंबकाला कळत नाही, तेव्हा बिलावर दर्जा लिहून घ्या. चेन प्लास्टिकच्या दातांची, १० नंबर, आणि स्लायडरही प्लास्टिकचाच.

घरी काय शिवू नये

लाइफ जॅकेट, सुरक्षापट्टे आणि माणसाचे वजन पेलणारी कोणतीही पट्टी घरी शिवू नका. ती बदलून नवी घ्या. प्रवासी होडीच्या छताची उंची किंवा आकार वाढवणार असाल तर कापड कापण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या तुमच्या बंदर कार्यालयात विचारा. छत वारा धरते आणि होडी कलते.

पैशाची सोय

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपी, होडी बांधणारे आणि मासेमारीची जाळी विणणारे हे तिन्ही आहेत. नोंदणी सीएससी केंद्रात होते, पुढे ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून पडताळणी. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि प्रशिक्षणानंतर तारणाशिवाय आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, सरकारी नोकराच्या कुटुंबाला नाही. मुद्रासारखे सरकारी योजनेतले कर्ज गेल्या पाच वर्षांत घेतले असेल आणि फिटले नसेल तरीही नाही. शिंपी म्हणून मिळणारी हत्यारे कपड्यांच्या कामाची असतील असेच धरून चाला. जड मशीनसाठी कर्जाचा भाग उपयोगी.

बिल आणि तुमचे हक्क

'धंद्यासाठी घेतलेली मशीन, मग ग्राहक कायदा लागू नाही' असे सांगून दुकानदार वाटेला लावतात. हे अर्धेच खरे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे व्यापारी कारणासाठी घेणारा ग्राहक ठरत नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून आपला चरितार्थ चालवण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारा ग्राहकच असतो. म्हणजे स्वतः मशीनवर बसणारे तुम्ही ग्राहक. चार कारागीर ठेवून कारखाना चालवायला घेतलीत तर वाद होऊ शकतो.

- बिलावर मॉडेल, मशीनचा क्रमांक, मोटरचा प्रकार आणि 'आठ पदर ॲक्रिलिक कॅनव्हास, तिकीट २० दोरा' असा वापर लिहून घ्या. पुढे 'हे काम या मशीनचे नाहीच' म्हणायची सोय राहत नाही.
- बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा. बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. 'विकलेला माल परत नाही' हा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही.
- ऑनलाइन घेतल्यास तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते.
- आधी लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुंबईच्या दुकानासाठी सिंधुदुर्गातून मुंबई गाठावी लागत नाही. मुदत दोन वर्षे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.
- परदेशातून थेट मागवलेल्या मशीनवर यातले काही बजावणे फार अवघड. ती जोखीम किमतीत धरा.

मशीन आणल्यावर

शीड किंवा छत शिवायला घेण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मिठाचे कण सुईबरोबर आत जातात आणि शटल गंजते. रोज काम संपल्यावर शटलमधली धूळ ब्रशने काढा, दोन थेंब पांढरे मशीन तेल टाका आणि एका चिंधीवर थोडी टीप मारून जादा तेल काढून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या पांढऱ्या शिडावर ते उतरते. मशीन होडीवर ठेवू नका, पडवीतही नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा आवरणांचे काम सर्वाधिक येते आणि हवेतला दमटपणाही तेव्हाच टोकाला असतो. त्या दिवसांत उघड्या लोखंडी भागांवर तेलाचा हात फिरवून मशीन कापडाने झाका. प्लास्टिकच्या पिशवीने झाकलीत तर ओल आतच कोंडेल.